कुटुंबाचे भले झाले हे कशावरून ठरवायचे? एडवर्ड झिग्लर यांच्या कारकिर्दीच्या आधारे एक उत्तर

मानवविकास या विषयात पीएचडी करून काही वर्षे विद्यापीठात शिकवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याचा प्रश्न आहे. अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांवरचे आपले संशोधन धोरणापर्यंत पोहोचावे यासाठी सरकारी खात्यातील प्रतिनियुक्ती स्वीकारावी का, तिच्यामुळे विद्यापीठातील वाटचाल खुंटते का, आणि सार्वजनिक धोरण व कुटुंबकल्याण या क्षेत्रात शैक्षणिक नेतृत्व करणारी व्यक्ती नेमके काय काम करते, असे त्यांनी विचारले आहे. पुढे एखाद्या संशोधन केंद्राचे प्रमुखपद घेण्याचाही उल्लेख त्यांनी केला आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देता येतात. प्रतिनियुक्ती जरूर स्वीकारावी, मात्र विद्यापीठातील पदावरचा धारणाधिकार, म्हणजे मूळ पदावर परतण्याचा हक्क, सोडू नये. वाटचाल खुंटत नाही, तिचा वेग मात्र काही काळ मंदावतो. तिसरा प्रश्न मोठा आहे. या क्षेत्रात बराच काळ काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, एखाद्या योजनेमुळे कुटुंबाचे भले झाले की नाही हे कोणत्या निकषावर ठरवायचे, याचा निर्णय योजना सुरू होण्यापूर्वी घडवून आणणे आणि पुढे सरकारे बदलत राहिली तरी त्या निर्णयाची पाठराखण करणे, हे या नेतृत्वाचे मुख्य काम होय. अहवाल लिहिणे, परिषदा भरवणे आणि निधी मिळवणे ही कामे त्यानंतरची आहेत.

हे मत नुसते मांडण्यापेक्षा एका कारकिर्दीच्या आधाराने मांडणे बरे. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड झिग्लर यांची कारकीर्द मी त्यासाठी निवडतो, कारण विद्यापीठातून सरकारात जाणे आणि सरकारातून विद्यापीठात परतणे या दोन्हींचे फायदे-तोटे तिच्यात स्पष्ट दिसतात.

झिग्लर यांचा जन्म १९३० साली मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे, पोलंडमधून आलेल्या स्थलांतरित कुटुंबात झाला. टेक्सास विद्यापीठातून १९५८ मध्ये पीएचडी मिळवल्यानंतर १९५९ मध्ये ते येल विद्यापीठात आले. त्यांचे सुरुवातीचे संशोधन बौद्धिक अक्षमता असलेल्या, आणि विशेषतः संस्थांमध्ये वाढणाऱ्या मुलांवर होते. चाचणीत मूल कमी गुण मिळवते, त्यामागे केवळ आकलनाची मर्यादा नसते, तर मोठ्या माणसांविषयी बसलेली धास्ती आणि वारंवारच्या अपयशातून आलेली 'आपल्याला जमणार नाही' ही धारणाही असते, असे त्यांचे निष्कर्ष होते. त्या काळी हा विषय धोरणापासून फार दूरचा वाटला असेल. पण गुण वाढले म्हणजे बुद्धी वाढली असे नाही, आणि गुण घटले म्हणजे काहीच मिळाले नाही असेही नाही, ही जाण त्यांना प्रयोगशाळेतच आली आणि पुढे सरकारी दालनात तीच त्यांच्या उपयोगी पडली. म्हणून धोरणात जाण्याची इच्छा असलेल्या तरुणांना मी नेहमी सांगतो की, आधी आपल्या विषयातला एखादा प्रश्न मुळापासून सोडवण्याचा प्रयत्न करावा. जो केवळ 'धोरणाचा तज्ज्ञ' असतो, त्याच्याकडे अडचणीच्या प्रसंगी टेकायला स्वतःचे असे ज्ञान नसते.

राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या दारिद्र्यविरोधी मोहिमेचा भाग म्हणून १९६५ मध्ये हेड स्टार्ट ही पूर्वप्राथमिक वयाच्या गरीब मुलांसाठीची योजना आखण्यात आली. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट कुक होते आणि झिग्लर हे तिचे तरुण सदस्य होते. बालविकासाचे अभ्यासक मानसशास्त्रज्ञ यूरी ब्रॉनफेनब्रेनर हेही समितीत होते. मुलाचा विकास कुटुंब आणि परिसर यांच्यापासून सुटा काढून पाहता येत नाही, हा त्यांचा आग्रह होता आणि त्यामुळेच पालकांचा सहभाग हा योजनेच्या गाभ्याचा भाग ठरला. आरोग्य तपासणी, दातांची निगा, आहार, लसीकरण, पालकांना मिळणारे सहकार्य आणि शिक्षण असे योजनेचे व्यापक स्वरूप होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सुमारे आठ आठवड्यांच्या वर्गांत पाच लाखांहून अधिक मुले दाखल झाली. नव्या योजनेसाठी हा पसारा अवाढव्य होता. लहान प्रमाणावर सुरुवात करून पाहण्याकडे तज्ज्ञांचा कल होता, परंतु राजकीय नेतृत्वाला मोठा आकडा हवा होता. अशा वेळी तज्ज्ञाचा सल्ला बहुधा मागे पडतो, हे गृहीत धरूनच या क्षेत्रात यावे.

खरी गफलत मात्र निकषाबाबत झाली. योजना आरोग्याची, आहाराची आणि कुटुंबाचीही होती, परंतु तिचे यश मोजण्याची वेळ आली तेव्हा संशोधकांच्या हाताशी तयार साधन होते ते बुद्ध्यांकाच्या चाचणीचे. काही आठवड्यांच्या वर्गांनंतर मुलांचे गुण वाढल्याचे निष्कर्ष येऊ लागले, ते वर्तमानपत्रांना आवडले, राजकारण्यांना आवडले, आणि पाहता पाहता बुद्ध्यांक वाढवणे हाच योजनेचा हेतू आहे असा सर्वत्र समज झाला. त्याला वेळीच कोणी जोरकस विरोध केला नाही, कारण आकडे अनुकूल असताना निकषावर शंका घेण्याची तसदी कोणी घेत नाही. १९६९ मध्ये वेस्टिंगहाउस लर्निंग कॉर्पोरेशन आणि ओहायो विद्यापीठ यांचा मूल्यमापन अहवाल आला. हेड स्टार्टमधून गेलेल्या पहिली ते तिसरीच्या मुलांची, योजनेत नसलेल्या मुलांशी तुलना करून त्यात म्हटले होते की, उन्हाळी वर्गांचा टिकाऊ परिणाम आढळत नाही आणि वर्षभराच्या वर्गांचा परिणामही अगदी माफक आहे. अहवालाच्या पद्धतीवर, विशेषतः तुलनेसाठी निवडलेल्या मुलांच्या गटावर, गंभीर आक्षेप घेतले गेले आणि त्यांत तथ्य होते. पण ज्या निकषावर योजनेचा उदोउदो झाला होता, त्याच निकषावर ती पडली होती, त्यामुळे ते आक्षेप सर्वसामान्यांपर्यंत पोहोचलेच नाहीत.

या चर्चेला नंतर वेगळेच वळण लागले ते मिशिगनमधील इप्सिलांटी येथील पेरी प्रीस्कूल प्रकल्पामुळे. १९६२ मध्ये सुरू झालेल्या या लहानशा प्रकल्पात १२३ मुले होती. त्यांतील ५८ मुलांना पूर्वप्राथमिक वर्ग आणि घरभेटी यांचा लाभ मिळाला, बाकीच्यांना मिळाला नाही, आणि त्या सर्वांचा मागोवा वयाच्या चाळिशीपर्यंत घेण्यात आला. बुद्ध्यांकातील वाढ काही वर्षांत ओसरली. परंतु शालेय शिक्षण पूर्ण करणे, कमाई आणि अटकेचे प्रमाण यांत दोन गटांमधला फरक टिकला. म्हणजे ज्या मोजमापावर योजना निरुपयोगी ठरली असती, त्याच मोजमापाला चिकटून राहिले असते तर पुढचे फायदे कोणाच्या लक्षातही आले नसते. प्रकल्प लहान होता आणि त्याची गुणवत्ता सर्वसाधारण सरकारी वर्गांपेक्षा पुष्कळ चांगली होती, त्यामुळे त्याचे आकडे जसेच्या तसे कोणत्याही मोठ्या योजनेला लावणे चूक आहे. ते सर्रास लावले जातात, ही गोष्ट वेगळी.

झिग्लर १९७० मध्ये वॉशिंग्टनला गेले, ते राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या प्रशासनात नव्यानेच स्थापन झालेल्या बालविकास कार्यालयाचे पहिले संचालक आणि चिल्ड्रन्स ब्यूरो या बालकल्याणविषयक सरकारी विभागाचे प्रमुख म्हणून. ज्या पक्षाच्या सरकारने हेड स्टार्ट सुरू केली होती, त्याच्या विरोधी पक्षाच्या सरकारात ही योजना सांभाळण्यासाठी ते गेले, ही बाब मला महत्त्वाची वाटते. तेथे पोहोचल्यावर योजना तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने गुंडाळण्याचा अर्थसंकल्पीय विचार चालू असल्याचे आपल्याला आढळले, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. यावर त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. 'वेस्टिंगहाउस अहवाल चुकीचा आहे' असा वाद घालत बसण्याऐवजी त्यांनी अहवालातील उपयोगी भाग स्वीकारला आणि निष्प्रभ ठरलेले उन्हाळी वर्ग वर्षभराच्या वर्गांत बदलण्यास सुरुवात केली. केंद्रांसाठी गुणवत्तेचे किमान निकष तयार करण्याचे काम सुरू केले. बालसंगोपन करणाऱ्या कर्मचाऱ्यांची पात्रता प्रत्यक्ष कामावरून तपासून त्यांना प्रमाणपत्र देण्याची पद्धत आकाराला आणली, जी आजही चालू आहे. आणि योजनेचे उद्दिष्ट 'सामाजिक क्षमता' आहे, म्हणजे आरोग्य, शिकण्याची उमेद, आकलन आणि दैनंदिन व्यवहारांत वावरता येणे या सर्वांचा एकत्रित विचार आहे, अशी त्यांनी ठाम मांडणी केली. बुद्ध्यांकाच्या जागी दुसरा निकष ठेवण्याचे हे काम विद्यापीठातल्या माणसानेच करण्यासारखे होते. निव्वळ प्रशासकाला ते सुचले नसते, आणि सुचले असते तरी त्याच्या शब्दाला संशोधकांमध्ये वजन आले नसते.

याच काळात त्यांना मोठे अपयशही पाहावे लागले. बालसंगोपनाची सेवा देशभर उभी करणारे सर्वसमावेशक बालविकास विधेयक १९७१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केले. झिग्लर यांचा त्याच्या आखणीत सहभाग होता. ९ डिसेंबर १९७१ रोजी निक्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला आणि आपल्या संदेशात मुलांच्या संगोपनाची सामुदायिक पद्धत कुटुंबकेंद्री पद्धतीच्या विरोधात उभी केली. या घटनेकडे सहसा केवळ विचारसरणीच्या चष्म्यातून पाहिले जाते, आणि विचारसरणी होतीच. पण एक प्रशासकीय मुद्दाही तितकाच नडला. केवळ पाच हजार लोकवस्तीच्या गावालाही केंद्राकडून थेट निधी घेऊन योजना चालवता येईल, अशी तरतूद अंतिम मसुद्यात आली होती. ती राबवणे अशक्यप्राय आहे असे प्रशासनाचे म्हणणे होते आणि रिपब्लिकन पक्षातील काही पाठिराख्यांनी तेव्हाच हात आखडता घेतला. धोरणात काम करणाऱ्याने या आकड्यापाशी थांबून विचार करावा. कुटुंब, मूल, राष्ट्राचे भवितव्य यांविषयीची भाषणे एकीकडे असतात आणि विधेयकाचे भवितव्य कधी कधी अंमलबजावणीच्या एका कलमात अडकलेले असते. ते कलम वाचण्याची सवय विद्यापीठात लागत नाही. प्रतिनियुक्ती घ्यावी असे मी म्हणतो, त्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

झिग्लर १९७२ मध्ये येलला परतले. बरेच लोक या कारकिर्दीचा कळस म्हणून वॉशिंग्टनमधील दोन वर्षांकडे बोट दाखवतात. माझ्या मते त्यांचे अधिक टिकाऊ काम परतल्यानंतरचे आहे. १९७८ मध्ये त्यांनी येल येथे बालविकास आणि सामाजिक धोरण यांचा एकत्रित अभ्यास करणारे बुश सेंटर स्थापन केले. नावामुळे गैरसमज होतो म्हणून सांगतो: त्याचा राष्ट्राध्यक्षांशी संबंध नाही, मिनेसोटातील बुश फाउंडेशनच्या निधीतून ते उभे राहिले. अशीच केंद्रे मिशिगन, नॉर्थ कॅरोलिना आणि लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातही निघाली. बालविकासाच्या विद्यार्थ्यांना कायदा, अर्थसंकल्प आणि प्रशासन समजावे व त्यांना प्रत्यक्ष धोरणप्रक्रियेजवळ नेऊन बसवावे, हा त्यामागचा हेतू होता. येलमधील केंद्राला २००५ मध्ये झिग्लर यांचेच नाव देण्यात आले.

या केंद्रातून निघालेल्या एका कामाचा प्रवास येथे तपशिलाने सांगतो, कारण 'संशोधन धोरणापर्यंत कसे पोहोचते' या प्रश्नाचे यापेक्षा प्रामाणिक उत्तर मला माहीत नाही. नवजात अर्भकाच्या संगोपनासाठी नोकरदार आईवडिलांना रजा मिळावी का, याचा विचार करणारी एक सल्लागार समिती केंद्राने नेमली. तिने १९८५ मध्ये सहा महिन्यांच्या रजेची, आणि त्यांपैकी तीन महिने पगाराच्या ७५ टक्के भरपाईची शिफारस केली. त्यानंतर कौटुंबिक रजेची विधेयके काँग्रेसमध्ये येत राहिली. १९९० आणि १९९२ अशी दोन वेळा राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी त्यांवर नकाराधिकार वापरला. अखेर ५ फेब्रुवारी १९९३ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायद्यावर सही केली. त्यात मिळाली ती बारा आठवड्यांची बिनपगारी रजा, तीही किमान ५० कर्मचारी असलेल्या आस्थापनांमध्ये, आणि किमान बारा महिने नोकरी व १,२५० तास काम झालेल्यांनाच. शिफारशीपासून कायद्यापर्यंत आठ वर्षे गेली, कालावधी निम्म्याहूनही कमी झाला आणि पगार वगळला गेला. अल्प उत्पन्न गटातील आईला बिनपगारी रजेचा फारसा उपयोग नसतो, हे समितीला अर्थातच ठाऊक होते. तरीही समितीने सुरुवातीलाच राजकीयदृष्ट्या शक्य तेवढेच मागितले असते तर हाती याहूनही कमी आले असते असे मला वाटते, आणि आज भरपगारी रजेची मागणी करणाऱ्यांना मागे वळून दाखवायला एक संदर्भही उरला नसता.

निकषाचा मुद्दा केवळ बुद्ध्यांकापुरता नाही, हे दाखवणारे एक उदाहरण देऊन पुढे जातो. १९७० च्या दशकात सिएटल आणि डेन्व्हर येथे कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी देऊन पाहण्याचा मोठा प्रयोग झाला. लोक काम करणे कमी करतात का, हा त्याचा मुख्य प्रश्न होता. परंतु काही गटांत विवाह मोडण्याचे प्रमाण वाढल्याचा निष्कर्ष पुढे आला आणि सर्व लक्ष तिकडे गेले. या कल्पनेचे जुने पुरस्कर्ते सिनेटर डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनीही आपले मत बदलले. त्या निष्कर्षावर १९९० मध्ये अन्य अर्थशास्त्रज्ञांनी फेरविश्लेषण करून गंभीर शंका उपस्थित केली, पण तोवर राजकीय वेळ निघून गेली होती. विवाह टिकणे म्हणजे कुटुंबाचे भले, हे समीकरण येथे कोणी विचारपूर्वक स्वीकारले नव्हते. ते मोजता येत होते म्हणून शिरले. छळ होणाऱ्या घरातून बाहेर पडण्याइतके पैसे एखाद्या स्त्रीच्या हाती आले, तर त्या आकडेवारीत ती नुकसानीच्या रकान्यात मोजली जाते.

याउलट मेक्सिकोत अर्थशास्त्रज्ञ सांतियागो लेवी यांनी १९९७ मध्ये प्रोग्रेसा ही, मुलांची शाळा आणि आरोग्य तपासणी यांच्या अटीवर गरीब कुटुंबांना रोख मदत देणारी योजना सुरू करताना मूल्यमापनाची रचना आरंभीच केली. ५०६ वस्त्यांपैकी ३२० ठिकाणी योजना आधी आणि १८६ ठिकाणी नंतर, आणि निकष म्हणजे शाळेतली नोंदणी, आरोग्यकेंद्राच्या भेटी आणि आहार. मूल्यमापनाचे काम वॉशिंग्टनस्थित एका आंतरराष्ट्रीय अन्नधोरण संशोधन संस्थेकडे सोपवले होते. २००० मध्ये सात दशकांनंतर सत्तांतर झाले, तेव्हा योजना बंद न होता नाव बदलून वाढली. पुढे २०१९ मध्ये ती संपुष्टात आली, म्हणजे पुरावा असला की योजना अमर होते असे नाही, परंतु दोन दशके हा अशा योजनेसाठी मोठा काळ आहे.

आता पुरस्कर्ता व्हावे की माहिती देणारा, हा प्रश्न. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कॅरन बोगेनश्नायडर यांनी १९९३ पासून राज्यातील लोकप्रतिनिधींसाठी कौटुंबिक परिणाम चर्चासत्रे घेतली. तेथे संशोधन आणि पर्याय मांडायचे, कोणत्याही एका पर्यायाची तरफदारी करायची नाही, हा दंडक होता. झिग्लर यांनी मात्र आपली मते उघडपणे मांडली आणि दोन्ही पक्षांच्या सरकारांना सल्ला दिला. हेड स्टार्टचे निर्माते मानले जात असूनही तिच्या गुणवत्तेतील उणिवांवर ते स्वतः जाहीरपणे बोलत राहिले, त्यामुळेच त्यांच्या बाजू घेण्याला किंमत होती. तरुण संशोधकाने पहिला मार्ग धरावा असे मी सुचवीन. दुसऱ्या मार्गासाठी आधी नाव कमवावे लागते, आणि ते कमवण्यापूर्वी बाजू घेणारा माणूस पुढच्या सरकारला नकोसा होतो.

या सहकाऱ्याच्या प्रतिनियुक्तीपुरते काही सांगायचे राहिले. मुदत दोन ते तीन वर्षांची असावी. एका वर्षात खात्याचा कारभारच कळत नाही, आणि पाच वर्षांनी विद्यापीठात परतणारा माणूस आपल्या विषयात पाहुणा ठरतो. पीएचडीचे विद्यार्थी असतील तर त्यांच्या मार्गदर्शनाची व्यवस्था लेखी करून घ्यावी, कारण या व्यवहारात सर्वांत जास्त झळ त्यांना बसते. खात्यात असताना शोधनिबंध निघतील ही अपेक्षा सोडून द्यावी, पण तेथे तयार होणाऱ्या आकडेवारीवर परतल्यानंतर काम करण्याची परवानगी नियुक्तीच्या आदेशातच नमूद करून घ्यावी. नंतर मागितली तर ती मिळत नाही. संशोधन केंद्राच्या प्रमुखपदाचाही उल्लेख त्यांनी केला आहे. ते पद या अनुभवानंतर घ्यावे, आधी घेऊ नये, आणि घेताना केंद्राचा सगळा निधी एकाच खात्याकडून येत असेल तर दुसरा स्रोत मिळेपर्यंत होकार देऊ नये, कारण ज्या खात्याच्या योजनेचे मूल्यमापन करायचे, त्याच खात्यावर सहकाऱ्यांचे पगार अवलंबून असले की निकष कोण ठरवणार, याचे उत्तर आधीच दिले गेलेले असते. खात्यात रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात चालू योजनांचे मूल्यमापनाचे आराखडे मागवून घ्यावेत. बहुतेकांचे नसतील, आणि जिथे नसतील तिथूनच आपल्या कामाला सुरुवात करावी.